निळसर बाळ आणि दोन स्क्रीन

शनिवार, १४ मार्च. सकाळी नळाला दाब कमी. बैठकीतले पडदे धुतले. धाकटी जाऊ आणि तिच्या मुलाबरोबर दुपारी लॅपटॉपच्या दुकानात गेले. परतायला संध्याकाळ झाली.

दुपारची हकीकत एवढ्यात आटोपण्यासारखी नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

धाकटीला आमच्या घरात ‘भिंग’ म्हणतात. नाव माझ्या दिरांनी ठेवले, म्हणजे तिच्याच नवऱ्याने. नवी नवरी असताना तिने जेवणाच्या टेबलाभोवतीच्या एका खुर्चीचे पॉलिश बाकीच्यांपेक्षा तांबूस असल्याचे सांगितले होते. आम्ही त्या खुर्चीवर वर्षानुवर्षे बसत होतो, पण कुणाच्या ध्यानात आले नव्हते. दीर गेल्यावर हीच नजर तिच्या उपयोगी पडली. ती घरी बसून एका फोटो स्टुडिओचे काम करू लागली. फोटोतल्या चेहऱ्यांवर आलेली दिव्याची पिवळी किंवा हिरवी झाक काढून टाकायची आणि माणूस माणसासारखा दिसेल असे करायचे. त्यावर तिने मुलाला शिकवले आणि घर चालवले. आपल्या कामाचा तिला तोराही आहे. मागे मी खोलीला पांढरा रंग लावून घेतला, तर दारातूनच म्हणाली, “वहिनी, फसवलं हो तुम्हाला रंगाऱ्यानं. ही भिंत गुलाबी आहे.”

मागच्या आठवड्यात स्टुडिओतून एक अल्बम परत आला. तान्ह्या बाळाचे फोटो होते. बाळ गारठून निळे पडल्यासारखे दिसते, म्हणून त्याची आई स्टुडिओतच रडायला लागली होती. स्टुडिओचे मालक भिंगला म्हणाले, “ताई, तुमचा लॅपटॉप म्हातारा झाला. नवा घ्या. पण पुन्हा असं झालं तर लग्नाच्या या हंगामाचं काम मी दुसऱ्याकडे देईन.” जुन्या लॅपटॉपची बिजागरीही मोडली होती. तो उघडला की ती मागे उशी लावायची.

म्हणून आज आम्ही दुकानात. टेबलावर एकाच किमतीचे दोन लॅपटॉप ठेवलेले. डावीकडच्याचा प्रोसेसर वेगवान आणि स्क्रीन साधी. उजवीकडच्याची स्क्रीन रंग अचूक दाखवणारी, पण प्रोसेसर मधल्या दर्जाचा.

मुलाने येतानाच ठरवले होते. “आई, प्रोसेसर बघ. एक फाइल सेव्ह होईपर्यंत तुझा चहा पिऊन होतो.”

“चहाला तेवढीच सवड मिळते. तुझं काय जातंय?”

“काकू, तुम्ही तरी सांगा हिला.”

“मला यातलं काय कळतंय बाबा,” मी म्हटले.

भिंगने पर्समधून पेनड्राइव्ह काढला. त्यात तिच्या मुलाचा लहानपणचा एक फोटो असतो, पांढऱ्या बनियनमधला, दात पडलेला. कुठलीही नवी स्क्रीन किंवा नवा कागद तपासायचा झाला की ती तोच काढते. त्या बनियनचा पांढरा रंग तिला तोंडपाठ आहे. दुकानातल्या मुलीने तो दोन्ही लॅपटॉपवर लावला.

“अरे देवा, मी कायमचा बोळका राहणार,” मुलगा पुटपुटला. दुकानातली मुलगी हसली.

मी बघितले. डावीकडचे बनियन नीळ जास्त झालेल्या कपड्यासारखे होते. उजवीकडचे शुभ्र. माझ्यासारखीलाही दिसले, म्हणजे फरक चांगलाच होता. आता ही त्या साध्या स्क्रीनला काय काय नावे ठेवते, याची मी वाट बघत राहिले.

भिंगने चष्मा पुसला. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वाकून बघितले. पुन्हा चष्मा पुसला.

“दोन्ही सारखेच आहेत,” ती म्हणाली. “स्क्रीनसाठी कशाला अडून बसायचं? प्रोसेसर घेऊ.”

“हुश्श!” मुलाने पाकीट काढले.

मी दुकानातल्या मुलीकडे बघितले, तर ती माझ्याकडेच बघत होती. बोलावे तर चारचौघांत हिचा पाणउतारा, न बोलावे तर सोमवारपासून पुन्हा निळी बाळे. मी नुसते म्हटले, “भिंग, घाई नको. परत एकदा बघ.”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. माझ्या आवाजातले तिला बरोबर कळते.

“असं करू,” ती म्हणाली. “मी पाठ फिरवते.”

ही तिच्या कामातली रीत. शिकायला येणाऱ्या मुलींना ती भिंतीकडे तोंड करून उभी करायची, दोन प्रिंटांची अदलाबदल करायची आणि मग कुठली कोणती ते ओळखायला लावायची. दोनदा चुकली की त्या मुलीला महिनाभर रंगाला हात लावू द्यायची नाही. आज ती स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दुकानातल्या मुलीने लॅपटॉपांची जागा बदलून त्यांवर पुठ्ठे असे ठेवले की फक्त फोटो दिसावेत.

“वळा.”

“ही चांगली,” भिंगने बोट दाखवले. चूक.

“परत.”

पुन्हा चूक. मुलाने पाकीट खिशात ठेवले. “आई, दमली आहेस तू. उद्या येऊ.”

“गप रे. पेनड्राइव्हवरचं ते बाळ लाव,” ती दुकानातल्या मुलीला म्हणाली. “चांगल्या स्क्रीनवर लाव.”

परत आलेल्या अल्बममधला फोटो उघडला. भिंगने त्याकडे एकदा बघितले आणि ती माझ्याकडे वळली. “वहिनी, खरं सांगा हं. मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नका. कसं दिसतंय?”

“निळं,” मी म्हटले.

“कुठे?”

“ओठ. आणि नखं.”

तिने टेबलाची कड धरली. दुकानातली मुलगी खुर्ची घेऊन आली, पण भिंग बसली नाही. “मला या चांगल्या स्क्रीनवरही ते निळं दिसत नाही. म्हणजे लॅपटॉपचा दोष नाही,” ती म्हणाली. “वर्षभर मी चष्माच पुसतेय मेली. मोतीबिंदू असणार. माझ्या आईलाही शेवटी जांभळं आणि काळं सारखंच दिसायचं.”

“आजकाल अर्ध्या तासात ऑपरेशन होतं, आई.”

“होईल ना. हंगाम काय माझ्यासाठी थांबणार आहे?”

तिने तिथेच उभे राहून स्टुडिओच्या मालकांना फोन लावला. मला वाटले होते, नवा लॅपटॉप घेतला म्हणून सांगेल आणि वेळ मारून नेईल. तिने पहिल्याच वाक्यात सांगितले, “लॅपटॉप चांगला होता हो. माझे डोळे गेलेत. ते अल्बम दुसऱ्याकडे द्या.” मग ती बराच वेळ ऐकत राहिली. “हो... हो, कळलं. पण काळ्या-पांढऱ्या फोटोंना रंग बघावा लागत नाही. जुने, चिरा पडलेले असतील ते माझ्याकडे पाठवा. नाही, उपकार म्हणून नको. माझा हात अजून साफ आहे, तुम्हाला ठाऊक आहे ते.”

फोन ठेवून ती म्हणाली, “हंगाम गेला. जुने फोटो पाठवतो म्हणाले, बघू.”

मुलगा हळूच म्हणाला, “मग आता प्रोसेसरवालाच घेऊ या का? काळ्या-पांढऱ्याला स्क्रीन कशाला?”

“स्क्रीनवाला,” भिंग म्हणाली. “तुम्हा तिघांना फरक दिसला ना? मग तो आहे. मला ऑपरेशननंतर दिसेल.”

“आणि नाही दिसला तर?”

“तर तुझा चहा थंड होईपर्यंत मी तुझ्याशी भांडत बसेन. दे पैसे.”

गाडीत ती खोके मांडीवर घेऊन बसली. सिग्नलवरचे दिवे तिला फुटून पसरल्यासारखे दिसतात, हे तिने तेव्हा पहिल्यांदा सांगितले. मुलाने डोळ्यांच्या डॉक्टरांची बुधवारची वेळ घेतली आहे. मी तिच्याबरोबर जाणार.

संध्याकाळी कपडे धुण्याच्या मशीनची मागची नळी बदलून घेतली.