तुटका दात आणि अंगदचा हात

"सिग्नल तर झकास दिसतोय, मॅडम. आता तरी मानता का, गडबड माणसात आहे?"

चीफ इंजिनियरसाहेब माझ्या खांद्यावरून ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे विजेचे ठोके रेघांत दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यात डोकावत होते. पडद्यावर हिरव्या रंगाचे चार पल्स उभे होते. सारख्या उंचीचे, सारख्या अंतराचे. बघणाऱ्याला वाटावं, याच्यापेक्षा निरोगी सिग्नल जगात नसेल. पण त्यांच्या पोटात एक फिकट धागा हलत होता. दिसे, विरे, परत दिसे.

"साहेब, हे खालचं पुसट बघा."

"तुमचा डबा म्हातारा झालाय. ट्यूब गेली असेल."

माझ्या स्कोपला कुणी डबा म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी नुसतं "बरं" म्हणाले आणि नॉबला हात घातला.

आधी सांगते मी तिथं काय करत होते. परळीला माझं इन्स्ट्रुमेंट रिपेअरचं दुकान आहे. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मिलचं टर्बाइन वारंवार ट्रिप होत होतं. ट्रिप म्हणजे वेग हद्दीबाहेर गेला की वाफ तोडून मशीन स्वतःला बंद करून घेतं. टर्बाइन थांबलं की मिल थांबते, मिल थांबली की ऊस आत नेणारी गव्हाण थांबते, आणि बाहेर यार्डात ट्रॅक्टर न् बैलगाड्यांची रांग लागते. ऊस वाळतो, बैल उन्हात उभे राहतात, ऊसतोड टोळीवाले शिव्या घालतात. ट्रिपचं खापर फुटलं होतं अंगदच्या डोक्यावर.

अंगद टर्बाइनचा ऑपरेटर. धर्मापुरीकडचा, आयटीआय झालेला, हडकुळा, बोलायला संकोची. गेली काही वर्षं सिझनल होता, म्हणजे गाळप चालू असेपर्यंत काम, पट्टा पडला की घरी. यंदा सिझन संपल्यावर कायम करायच्या यादीत त्याचं नाव जाणार होतं. ट्रिप बहुतेक त्याच्याच पाळीत होत होत्या. चीफसाहेबांचं म्हणणं, याचा हात जड आहे, मिलमध्ये ऊस कमी पडला तरी हा वेग कमी करत नाही.

"ताई, देवाशपथ, मी हात बी लावला न्हाई," अंगद मला सकाळीच म्हणाला होता. "काटा आधी थरथरतोय, मग एकदम वर. मी बघतो न् बघतो तोवर मशीन बंद."

"हे साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं की. ते म्हणले, काटा थरथरतोय का तुझा हात?"

आता यंत्राचं थोडं. टर्बाइनच्या शाफ्टवर दातांचं एक चाक असतं. त्याच्यासमोर चुंबकाचा सेन्सर. दात समोरून गेला की सेन्सर विजेचा एक ठोका देतो, त्याला आम्ही पल्स म्हणतो. गव्हर्नर, म्हणजे वेग सांभाळणारं यंत्र, हे पल्स बघतं. पल्स झपझप आले तर वाफ कमी करतं. मधला एखादा आलाच नाही तर त्याला वाटतं मशीन मंदावलं, आणि ते वाफ सोडतं. मशीन खरं तर मंदावलेलं नसतंच. मग ते उधळतं आणि ट्रिप होतं. काटा थरथरतो हे अंगदचं वाक्य माझ्या कानात बसलं होतं ते याच्यासाठी.

पण पल्स निसटतोय हे दाखवायचं कसं? मीटर सरासरी सांगतो, एकट्यादुकट्या पल्सचं त्याला सोयरसुतक नसतं. आजकालचे डिजिटल स्कोप घडून गेलेलं साठवून ठेवतात. माझा अॅनालॉग. त्याला स्मरण नाही. पडद्यावर चाललंय तेवढंच खरं. तेही ट्रिगर नीट लावला तर.

ट्रिगर समजायला आमच्या परळीच्या जत्रेतला घोड्यांचा पाळणा डोळ्यांपुढे आणा. गोल फिरतोय, सगळे घोडे सारखे, एकाचं शेपूट तेवढं तुटलंय. तुम्ही फोटोवर फोटो काढताय आणि सगळे फोटो एकावर एक ठेवून बघताय. कुठलाही घोडा समोर आला की बटण दाबलंत, तर चांगल्या घोड्यांच्या गर्दीत तो तुटका हरवतो. राहतो नुसता पुसटसा डाग. पण दर फेरीला तोच एक घोडा समोर आल्यावरच दाबलंत, तर दरवेळी तेच चित्र येतं आणि तुटकं शेपूट आपल्या जागी ठळक दिसतं. स्कोपनं बटण कधी दाबायचं हे ठरवणं म्हणजे ट्रिगर.

माझे पहिले वरिष्ठ एक मंत्र द्यायचे. "बाई, एका वेळी एकच नॉब. दोन फिरवले न् गुण आला, तर दवा कुठली लागू पडली सांगता येतंय का?" लई वैतागायचे, पण हे त्यांनी पक्कं शिकवलं.

तर एकेक. ऑटो मोड सोडून नॉर्मल लावला, म्हणजे स्कोप मनानं चित्र काढणार नाही, खूण मिळाली तरच काढेल. धागा तसाच. लेव्हल चढवली, म्हणजे अमुक उंचीचा पल्स आला तरच सुरुवात कर. उंच पल्स अजून टापटीप झाले, धागा तसाच. स्लोप, म्हणजे पल्स चढताना धरायचा की उतरताना, तो उलटा केला. काही फरक नाही, परत जागेवर आणला. राहिला होल्डऑफ. एकदा चित्र काढल्यावर पुढचं काढायला किती थांबायचं, ते हा ठरवतो. याला वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही. माझा तर घट्ट झाला होता. चाकाची एक अख्खी फेरी होईपर्यंत थांब, असं त्याला पटवायचं होतं. आणि मिलवर उसाचा भार सारखा बदलतो, तसा वेगही जरा हलतो. चित्र जुळत आलं की सुटायचं. केसभर फिरव, थांब, बघ. परत केसभर. चीफसाहेब केव्हाच कंटाळून निघून गेले.

तेवढ्यात अंगदचे मामा डबा घेऊन आले. नांदूरघाटचे, ऊसतोड टोळीचे मुकादम. यार्डातच त्यांची टोळी होती. अंगदचे वडील लवकर गेले, त्याला शिकवलं मामांनी. मिल हाऊसच्या त्या गदारोळात माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ताई, तुमच्या टीवीत आमच्या पोराचं काई दिसतंय का?"

"धरतेय, मामा. दिसेल."

"चेअरमनसाहेब आलेत गेस्ट हाऊसला. अंगदला बोलावलंय." मग अंगदकडं वळले. "भाच्या, जास्ती बोलू नगंस. चुकलं म्हण, पाय धर, मोकळा हो. मोठी माणसं माफ करतेत."

"मामा, पण मी काई केलंच न्हाई तर कावून म्हणू?"

"आरं, केलं न्हाई केलं कोण बघायलंय? वाद घातला तर यादीतून नाव जाईल. चुकलं म्हणलं की मिटतंय. माझी सारी उमर टोळीची भांडणं मिटवण्यात गेली, मला सांगतोस?"

मला राहवलं नाही. "मामा, जरा दम धरा. मशीनचाच दोष निघेल असं वाटतंय मला. उगाच काही कबूल करू नका."

मामा हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. "ताई, मशीनचं तुमी बघा. माणसाचं आमी बघतो."

बदली ऑपरेटरच्या हाती पॅनेल देऊन अंगद त्यांच्या मागं गेला. जाताना त्यानं एकदा पडद्याकडं बघितलं. चित्र नेमकं तेव्हा सुटलेलं होतं.

तो गेल्यानंतर थोड्याच वेळात ते जुळलं. होल्डऑफचा नॉब एका जागी आला आणि थरथरणारं सगळं एकदम गपगार उभं राहिलं. उंच, उंच, मग एक बुटका, परत उंच. बोळक्या पोरानं तोंड उघडावं तसं! मी "सापडला!" म्हणून ओरडले. ऐकायला एक ऑइलमन. त्यानं आदरानं मान हलवली, बिचाऱ्याला काही कळलं नव्हतं.

चाकाचा एक दात टोकाला उडालेला, म्हणून त्याचा पल्स बुटका. दुपारी ऊन आणि वाफेनं सेन्सरची पट्टी तापून फुगायची, सेन्सर दातांपासून केसभर लांब जायचा, सगळेच पल्स खुजे व्हायचे. उंच होते ते निभावून न्यायचे. बुटका निसटायचा. आणि अंगदच्या पाळीतच का, तर बायको बाळंतीण म्हणून त्यानं महिनाभर दिवसपाळी मागून घेतली होती. रात्री घरी राहता यावं म्हणून. सोय मागितली आणि तिनंच घात केला.

चीफसाहेबांना फोन लावला. कट. परत लावला, परत कट. मग मी पळाले. माझं वय आणि माझे गुडघे बघता त्याला पळणं म्हणवत नाही, पण पळाले. गेस्ट हाऊसच्या दारात पोचले तेव्हा अंगद चेअरमनसाहेबांच्या पायांवरून उठत होता.

"चुकलं, साहेब. हात जड पडला. परत व्हणार न्हाई."

"जाऊ द्या हो," चेअरमनसाहेब चीफना म्हणाले. "पोरगं कबूल झालं, अजून काय पाहिजे? पोटावर पाय नका देऊ. मशीनवरून काढा, यार्डात लावा."

सगळ्यांचे चेहरे उजळले. मामांनी तर मला बघून डोळ्यांनीच खूण केली, झालं म्हणून. मी दारातूनच बोलले, "साहेब, त्याचा काही संबंध नाही. चाकाचा दात तुटलाय. खाली चला, पडद्यावर उभा करून ठेवलाय."

चेअरमनसाहेब प्रसन्न हसले. "वा! मग तो बी बदलून घ्या."

त्या 'बी'चा मला अजून राग येतो.

चीफसाहेब खाली आले, पडदा बघितला. संध्याकाळी मिल थांबवून कव्हर उघडलं तेव्हा त्यांनी स्वतः अंगठ्यानं तो दात चाचपला. माणूस अडाणी नव्हता. "बरोबर आहे तुमचं," म्हणाले. स्टोअरमध्ये जादा चाक होतं.

"साहेब, चाक बदलल्यावर पॅनेलवर अंगदलाच बसवा. आठच दिवस. दिवसपाळीत ट्रिप झाली नाही की सगळ्यांना कळेल."

"मॅडम, चेअरमनसाहेब बोलून गेले. उलटं कसं करू? मिटलंय ना आता. कशाला उकरता?"

पाळी बदलायच्या आत नवं चाक बसलं. आणि त्याच दिवशी अंगदच्या जागी नवा ऑपरेटर आला. पुढं सिझन संपेपर्यंत टर्बाइन एकदाही ट्रिप झालं नाही.

पट्टा पडल्यावर यादी लागली. अंगदचं नाव नव्हतं. मी चीफसाहेबांना फोन केला, चांगलीच भांडले. ते शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, मला माहिती आहे. दात मी हातानं बघितलाय. पण बोर्डात विचारलं, ट्रिप कशानं थांबल्या? चाक बदललं न् माणूस बी बदलला, एकाच दिवशी. आणि कबुली त्यानं स्वतः दिली. कुणाला काय पटवू?"

फोन ठेवला आणि मला रडू आलं. रागानं की कशानं, माहीत नाही.

दोष सापडला की तो तसाच ठेवून घरी जायची आमच्या धंद्यात रीत नाही. उधळणारं टर्बाइन ही खेळायची वस्तूही नव्हे. पण मनात येतंच. ते जुनं चाक अजून दोन दुपारी राहिलं असतं, तर नव्या माणसाच्या हातातही ट्रिप झाली असती. अंगद तेवढ्यावर सुटला असता. मी सकाळपासून एकेक नॉब फिरवत बसले, आणि संध्याकाळी माझ्या डोळ्यांदेखत दोन नॉब एकदम फिरले. मीच घाई करत होते, स्टोअरमधून चाक आणा म्हणून.

गेल्या उन्हाळ्यात अंगद दुकानात आला. आता कर्नाटकातल्या एका कारखान्यात हेल्पर आहे, टर्बाइनच्या जवळ जात नाही. सोबत बायको होती, आणि पोरगी, चांगली चालणारी. मी चहा सांगितला. मग टेबलाखालून ते चाक काढून त्याच्या हातात दिलं. भंगारात जायचं होतं, मी मागून आणलं होतं. त्यानं दातांवरून अंगठा फिरवत नेला आणि बरोबर त्या जागी थांबला.

"ह्योच का, ताई?"

"हाच. तुझा काडीचा दोष नव्हता. मी पडद्यावर बघितलंय."

त्यानं चाक मांडीवर घेतलं. पोरगी हात पुढं करत होती, त्यानं तिला दिलं नाही.

"तुमी म्हणताव ते खरंच असंल," तो म्हणाला. "पण ताई, मी निघाल्यावर एकदा बी ट्रिप झाली न्हाई ना? मला बी कधी कधी वाटतंय, हात माझाच जड होता का काय."

मी परत सगळं सांगितलं. दात, पल्स, ऊन, पट्टी. तो मान हलवत राहिला, जशी त्या ऑइलमननं हलवली होती. मग त्यानं चाक टेबलावर ठेवलं आणि पोरीला कडेवर घेतलं.

दुकानात शिकायला येणाऱ्यांना मी अजून तेच सांगते, एका वेळी एकच नॉब. का, ते विचारलं तर चाक दाखवते. अंगदचं सांगत नाही.