डोंगरावर नेलेला ग्रेडर

देव माणूस घडवताना खोटं बोलायची थोडीफार सोय प्रत्येकात ठेवतो; आमच्या ग्रेडरच्या वेळी नेमका तो विसरला असावा. खरेदी केंद्रावर हा कापसाची प्रत ठरवायचा. गाडीत कोपरापर्यंत हात खुपसून तळातली मूठ काढायची, अंगठ्यांच्या चिमटीत तंतू ओढायचा, एक डोळा मिटायचा आणि नंबर सांगायचा. केंद्रावर ते ठीकच होतं हो. पण हा बाप्पा तसाच डोळा मिटून लग्नाकार्यातही जेवायचा. माझ्या मुलीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, व्याह्यांनी हौसेनं विचारलं, ‘‘जेवण कसं झालं?’’ तर म्हणाला, ‘‘वरण एक नंबर. बासुंदी मात्र पाण्यावर गेली तुमची.’’ आमच्या हिनं आठ दिवस त्याला उंबरा ओलांडू दिला नाही. नवव्या दिवशी तो दारात उभा राहून म्हणाला, ‘‘वहिनी, तुमचा राग एक नंबर हाये. भेसळच नाई.’’ ती हसली, आणि चूक कोणाची होती हे ठरवायचं राहूनच गेलं.

त्या वर्षांत आमच्याकडे हसण्यासारखं फार काही नव्हतं. अळी बोंडं पोखरायची, तिच्यातून उरलेलं अवकाळी पाऊस भिजवायचा, आणि केंद्रापुढच्या रांगेत माणसं चिडून उभी असायची. अशाच रांगेत एकदा आमचा बोरी अरबचा मित्र बायकोसह गाडी घेऊन आला. तो, ग्रेडर आणि मी, तिघंही एका वर्गातले. ग्रेडरनं हात खुपसला, पिवळट मूठ बाहेर काढून सगळ्यांदेखत खाली फेकली आणि ओरडला, ‘‘कवडी हाये! कापूस हाये का कचरा?’’ किडक्या, डागी कापसाला आमच्याकडे कवडी म्हणतात. झालं! त्यानंतर दोन हंगाम बोरीवाला त्याच्याशी एक शब्द बोलला नाही.

मला ते काही सोसेना. चाळीस वर्षांची दोस्ती अशी मातीत जायला लागली की मास्तरकी बाजूला ठेवावी लागते. जानेवारीतल्या एका शनिवारी मी शाळेतला स्काउटचा तंबू उचलला, मेव्हण्याची जीप मागून आणली आणि दोघांनाही, एकमेकांचं नाव न सांगता, चिखलदऱ्याला यायला तयार केलं. निघताना यवतमाळलाच ग्रेडर गादीची वळकटी आणि दोन रजया घेऊन हजर. ‘‘अबे, तंबूत राहाचं हाये, सासुरवाडीले नाई चाललो,’’ मी म्हटलं. ‘‘स्पंजावर मी झोपत नसतो. खाली कापूस पाह्यजे.’’ नेरच्या स्टँडवर बोरीवाला चढला, आत कोण बसलंय ते त्यानं पाहिलं आणि तो उतरायला वळला; पण तेवढ्यात मी जीप दामटली होती. मग परतवाड्यापर्यंत दोघंही माझ्यामार्फत बोलले. ‘‘मास्तर, त्याले म्हणा पाय जवळ घे.’’ ‘‘मास्तर, त्याले म्हणा माह्या पायाखाली त्याचीच थैली हाये.’’ मला मेल्याला गाडी चालवू द्याल की नाही?

वर पोचलो. सूर्य कलला तशी थंडी अशी पडली की उन्हाळ्यात कूलरपुढं झोपणारे आम्ही तिघंही कुडकुडायला लागलो. मी शेकोटीवर पिठलं केलं. ग्रेडरनं डोळा मिटला. ‘‘दुसरा नंबर. मीठ राह्यलं.’’ बोरीवाल्याला हसू फुटलं, ते त्यानं घाईनं गिळलं. अंगावर त्याच्या एक पातळ चादर. ग्रेडर उठला, एक रजई त्याच्या खांद्यावर टाकून परत येऊन बसला.

बोरीवाल्यानं रजई ओढून घेतली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा थेट त्याच्याकडे पाहिलं. ‘‘एक सांग बे. माहा कापूस खरंच कवडी होता का?’’

मी मागून हातवारे करत होतो. नाही म्हण रे बाबा, आयुष्यात एकदा तरी नाही म्हण!

‘‘होता,’’ ग्रेडर म्हणाला. ‘‘कापूस कवडीच होता. पण वहिनीनं वेचला होता तो, वाकून वाकून. त्या तिथंच गाडीवर बसून होत्या, अन् मी त्याले कचरा म्हणलो. माहं बोलणं त्या कापसाहून खराब होतं.’’

बोरीवाल्यानं शेकोटीत दोन लाकडं सारली. मग म्हणाला, ‘‘मले कायले सांगून राह्यला? तिले सांग.’’

दुसऱ्या दिवशी परतताना बोरीवाला बससाठी नेरला उतरला, तर त्याच्या मागोमाग ग्रेडरही उतरला.

‘‘तू कुठं बे?’’

‘‘बोरीले. वहिनीशी काम हाये.’’ एवढं बोलून तो गेलासुद्धा. मी जीपमध्ये एकटाच बसून डोळे पुसले, सांगायला लाज कसली?

पुढं केंद्र बंद पडलं, ग्रेडर मुलाकडे पुण्याला गेला. मला त्याची फार आठवण येते. पण त्याआधीचा एक हंगाम मला पाहायला मिळाला. रांगेत बोरीची गाडी आली. दुसऱ्या ग्रेडरकडे रांग लहान होती, तरी ती मुद्दाम याच्याच पुढ्यात उभी राहिली. यानं हात खुपसला, तंतू ओढला, डोळा मिटला. मग गाडीला वळसा घालून वहिनींजवळ गेला आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू काहीतरी बोलला. नंबर पहिला नव्हे, दुसराच पडला होता, मी मुद्दाम पाहिला. वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, ‘‘बरं, भाऊजी.’’