भीमाप्पानं सांगितलेलं नाव

भावा, हे मी आजवर कुणापाशी बोललेलो न्हाय. बायकोपाशी न्हाय, आणि दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जातो, तिथं दत्तापाशीबी न्हाय. हात जोडतो, तसाच परत येतो.

मी पोलिसात हाय. कर्नाटकातनं गांजा यायला लागला, तसं दोन्हीकडच्या पोलिसांचं मिळून एक पथक झालं. चांगलं काम — खोटं कशाला बोलू? आधी गाडी हद्द ओलांडून गेली की आम्ही हात चोळत बसायचो. आता ते तिकडनं कळवायचे, आम्ही इकडं आडवायचो. आमच्यात कन्नड येणारा मी एकटाच, आई चिकोडीकडची. म्हणून तर मला घेतलेलं.

त्या दुपारी कागलपाशी टमाट्याचा टेम्पो धरला. क्रेटखाली गांजा. तिकडचं पथक अजून वाटेत. ड्रायव्हर भीमाप्पा, त्याला मराठी बोलता येत न्हवतं. साहेब म्हणाले, "विचार की रे, माल कुणाचा?"

विचारलं. त्यानं कन्नडमध्ये सरळ सांगून टाकलं — क्रेट हद्दीपलीकडं एका सिमेंटच्या दुकानामागं भरले, आत काय हाय मला म्हाईत न्हवतं. दुकानाचं नावबी सांगितलं.

ते दुकान माझ्या दाजींचं. सख्ख्या अक्काच्या नवऱ्याचं.

तू काय केलं असतंस? — ऱ्हाऊ दे, नको सांगूस. मी साहेबांना म्हणालो, "कायबी म्हाईत न्हाय म्हणतोय."

तेवढं मराठी भीमाप्पाला कळत होतं. माझ्याकडं बघतच राहिला. मग तिकडचे पोलिस आले, त्यांनी त्याच्याच भाषेत विचारलं, पण गडी तोंडच उघडंना. आम्ही सगळे मिळालेलो, असंच वाटलं असणार त्याला. पथकाचं कौतुक झालं, माझंबी झालं. माल अजून येतोय, आणि कुठनं येतोय ते पथकात मला एकट्याला म्हाईत हाय. लई एकटं वाटतं रे.

भीमाप्पा जेलात हाय. त्याची बायको तारखेला कोर्टात येते. मराठी येत न्हाय, म्हणून गर्दीत मलाच हुडकते. परवा विचारलं, "अण्णा, धरलं तवा तुम्हाला कायतरी बोलला असंल की? मला कायच सांगत न्हाय."

मी म्हणालो, न्हाय.

तिनं फडकं सोडलं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी. "हितं माझं ऐकणारं तुमी एकटंच. खावा."

तिथंच बाकड्यावर बसून मी ती भाकरी खाल्ली.