राखेच्या पुडीतली मेंढरं

"मशिन खोटं बोलत न्हाय सर. पूड बी चांगली हाय. चुकतंय ते माझ्या काम्प्युटरातच," सावळाराम म्हणाला.

"मग कुठं चुकतंय ते सांग की!" दादासाहेब सर खेकसले. "शुक्रवारी पुण्याला काय कळवू? आमचा गडी म्हणतोय पूड चांगली हाय, असं?"

सावळाराम वरकुट्याच्या मेंढपाळाचा पोरगा. बारामतीच्या कॉलेजात फिजिक्सचा लॅब असिस्टंट, वर दादासाहेब सरांच्या हाताखाली एम.फिल. करणारा. साल सत्त्याण्णव. साखर कारखान्यातल्या बॉयलरच्या राखेतून त्यानं दोन वर्षं खपून पांढरी पूड काढली होती. कण इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजारो मावावेत. सूक्ष्मदर्शकात काय दिसणार? म्हणून पुण्याच्या प्रयोगशाळेत पुडीतून क्ष-किरण सोडले. ते कसे विखुरले, त्याची वाकडी रेघ कागदावर आली. त्या रेघेवरून कण ओळखायचे, म्हणजे माग बघून जनावर ओळखायचं.

सावळाराम काम्प्युटरात खोटे कण मांडायचा, त्यांतून खोटे किरण सोडायचा आणि निघालेली रेघ खऱ्या रेघेशी जुळते का बघायचा. महिनाभर जुळेना. खरी रेघ सुरुवातीलाच ताडागत उंच, ह्याची आपली सपाट. शुक्रवारपर्यंत जुळली नाही तर 'पूड खराब' असा शेरा पडणार आणि दोन वर्षं राखेतच जाणार.

बुधवारी डोकं उठलं तसा तो रजा टाकून गावी गेला. आई चंद्राबाई माळावर. भर दुपार. लांबून त्याला एक काळं घोंगडं पसरल्यागत दिसलं. जवळ गेला तर मेंढरं! ऊन टाळायला एकमेकांच्या पोटाखाली मुंड्या खुपसून चिकटून उभी.

"आये, किती हायती गं?"

"दुपारची मेंढरं कोन मोजतंय, मुडद्या? सकाळी वाघरीतनं येकेक भाईर काढून मोजायची. शिकून इसरलास व्हय?"

सावळारामनं पुन्हा त्या घोळक्याकडं बघितलं. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. तिच्या तोंडाशी उभं राहून एकेक मेंढरू मोजायचं वळण त्याच्या हाडात मुरलेलं. काम्प्युटरातही त्यानं कण तसेच सुटे सुटे सोडले होते! पूड मात्र दुपारच्या मेंढरांगत घोळक्यानं उभी होती.

"आरं, भाकरी तरी खा!"

"बांधून दे. यष्टी गाठतो!"

गुरुवारी सकाळी त्यानं कणांचे घोळके मांडले, मधे फटी राखून. काम्प्युटर घरघरत बसला. चारच्या सुमाराला पडद्यावर रेघ उमटली.

दादासाहेब सरांनी चष्मा वर-खाली केला. "आन् खरी रेघ कुठाय रं?"

"हिच्याच खाली, सर. झाकली."

"आयला, सावळ्या!"

सरांनी तिथंच फोन ओढला. एका घोळक्यात चाळीसेक कण, हेही कळवलं. पलीकडून पुण्याचे साहेब विचारत होते, ही युक्ती कुठल्या पुस्तकात मिळाली?

"पुस्तकात न्हाय साहेब," सर गरजले, "आमच्या वरकुट्याच्या माळावर!"

सावळाराम हसला, पण थांबला नाही. शेजारच्या खोलीत प्रॅक्टिकलची बॅच खोळंबली होती. त्यानं कपाटातून भिंगं काढली, मलमलीच्या फडक्यानं पुसली आणि टेबलावर मांडायला घेतली.