रात्रीची गोळी

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. पोराला नाही. औंधला यमाईसमोर हात जोडून उभा राहिलो तेव्हा देवीलासुद्धा नाही — तिथं मी डोळे मिटून भलताच विषय काढला. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. लागत असता, तर तुमच्याशीही खोटंच बोललो असतो.

मी म्हशींचा व्यापारी. वडील आटपाडीकडं दुसऱ्यांची मेंढरं राखायचे. मी एका शेरडावर सुरुवात केली आणि आज मलकापुरात गोठा आहे, दुमजली घर आहे, दारात गाडी आहे. कुणी दिलेलं नाही. सगळं या हातावर मिळवलं — आणि हातावर म्हणजे खरंच हातावर. जनावरांच्या बाजारात आम्ही भाव तोंडानं बोलत नाही. खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकायचा, घेणाऱ्यानं आणि देणाऱ्यानं त्याखाली हात घालायचे, बोटं दाबून आकडा सांगायचा. वरून बघणाऱ्याला वाटतं, दोन माणसं नुसती एकमेकांकडं रागानं बघतायत. आत सौदा चाललेला असतो.

या धंद्यात मी एक नियम शिकलो. सांगितलेला पहिला आकडा कधीच खरा नसतो. कुणाचाच नाही. भाजीवालीचा नाही, सोनाराचा नाही, मुलगी बघायला गेल्यावर सासऱ्यानं सांगितलेल्या वयाचासुद्धा नाही. समोरचा चढवूनच सांगतो, कारण आपण उतरवणार हे त्याला माहीत असतं. हा नियम लक्षात ठेवा. सगळा घोळ तिथंच आहे.

तर — अक्षय. माझा एकुलता एक. इस्लामपूरला इंजिनिअरिंगला होता, शेवटच्या वर्षाला. एक दिवस त्याच्या खोलीवरच्या पोरांचा फोन आला, ‘काका, ह्याला घेऊन जावा, हा उठंना.’ गेलो. पोरगं भिंतीकडं तोंड करून पडलेलं. दाढी वाढलेली, ताटातली पोळी वाळून पापड झालेली. घरी आणलं, तर इथंही तसंच. काही विचारलं की उत्तर यायला इतका वेळ लागायचा, की मधल्या वेळात मी प्रश्न विसरायचो. आमची सुमन त्याच्या उशाशी बसून एकेक घास भरवायची, आणि तो गिळायचा — भूक लागली म्हणून नव्हे, तर आईचा हात अवघडला असेल म्हणून.

मी काय केलं? मी त्याला जनावरासारखं तपासलं. डोळे बघितले, जीभ बघितली. बसलेली म्हैस उठवण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही, त्यामुळं ओरडून बघितलं, पाणी मारून बघितलं, पंखा बंद करून बघितला. एकदा त्यानं माझ्याकडं वळून सांगितलं, “तात्या, मला वाईट वाटत नाही हो. काहीच वाटत नाही.” मी म्हणालो, “मग चांगलंच हाय की! ऊठ.”

पै-पाहुणे विचारायला लागले. पोरगं डोक्यानं आजारी आहे हे मी कसं सांगणार? बाजारात माझ्या शब्दावर जनावर विकलं जातं. म्हणून मी सांगितलं, मणक्यात गॅप आहे. मोठी चूक! डोक्याच्या आजाराला लोक घाबरून लांब राहिले असते. मणक्यावर मात्र आमच्या भागात प्रत्येकाकडं औषध. कुणी तेल आणलं, कुणी लेप आणला. मी कमरेचा पट्टा विकत आणला, आणि दारात चप्पल वाजली की सुमन धावत जाऊन पोराला पट्टा बांधायची. माझी चुलत बहीण एका हाडवैद्याला घेऊन आली. त्यानं अक्षयला पालथा घातला आणि स्वतः त्याच्या पाठीवर उभा राहिला. धडधाकट पाठ! पोरानं ‘आई गं’सुद्धा केलं नाही. वैद्य खाली उतरून म्हणाला, “बसलं हाड जाग्यावर.” मी त्याला नारळ दिला, टोपी दिली. पाहुण्यांसमोर हसलोही.

पण कबूल करायचं ते हे नव्हे. हे तर घरात सगळ्यांना माहीत आहे. पट्ट्याची गोष्ट आता अक्षय स्वतःच रंगवून सांगतो.

मग बजरंग मध्ये आला. बजरंग म्हणजे सुमनचा धाकटा भाऊ, सांगलीच्या एका शाळेत खेळाचा मास्तर. मी म्हशी आणायला हरियाणात गेलो होतो, तेव्हा हा आला, भाच्याला बघितलं, आणि मला न विचारता त्याला सांगलीला मनाच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. मला न विचारता! माझ्या दावणीचं जनावर कुणी सोडून नेलं तर मी त्याला बाजारात उभं करत नाही, आणि यानं माझं पोरगं नेलं. परत आल्यावर मी इतका ओरडलो की गोठ्यातल्या म्हशींनी वैरण खायची थांबवली. बजरंग एवढंच म्हणाला, “दाजी, तुमी हितं असता तर तुमाला घेऊन गेलो असतो.” तो राग मी जपून ठेवला. राग जपण्यात मी म्हैस जपण्यापेक्षा हुशार आहे.

पुढच्या खेपेला मी स्वतः गेलो, डॉक्टरला बघून घ्यायला. तरुण माणूस, शांत. त्यानं सांगितलं की हा आजार आहे, आळस नाही, पोराचा दोष नाही. सकाळी एक गोळी, रात्री एक. निदान वर्षभर, आणि मध्ये सोडायच्या नाहीत.

मी म्हणालो, “वरीस लय होतंय. दिवाळीपतुर करा.”

तो म्हणाला, “कमी करता येणार नाही.”

“बरं, वरीस तुमचं. पर दोन न्हाई, एकच गोळी.” — आणि सवयीनं, देवाशप्पथ सवयीनं, मी टॉवेल हातावर टाकून हात पुढं केला. डॉक्टर त्या टॉवेलाकडं बघत राहिला. मग काळजीनं विचारलं, “हाताला काय झालंय?” सुमननं कपाळावर हात मारला. खुर्चीवर मान खाली घालून बसलेल्या अक्षयच्या ओठाची कड जरा हलली. किती महिन्यांनी! आणि डॉक्टर हसून म्हणाला, “तात्या, हा बाजार नाही.”

आता तुम्हीच सांगा, विकणारा हसला की त्याचा अर्थ काय होतो? जागा आहे! तो उतरणार आहे! मी गाडीत बसता बसता हिशोब केला: याला एकच गोळी पाहिजे, पण घरचे लोक निम्मं करणार हे माहीत असल्यामुळं यानं दोन सांगितल्या.

समजलं ना, मी कुठं येऊन पोचलो ते?

सकाळची गोळी सुमन द्यायची. रात्रीची मी माझ्याकडं घेतली — ‘दिवसभर तूच करतीस, रातचं मी बघतो.’ तिला केवढं बरं वाटलं! नवऱ्याचं मन वळलं म्हणून तिनं यमाईला खण-नारळ केला. आणि मी रोज रात्री पाकिटातनं गोळी काढून सदऱ्याच्या खिशात टाकत होतो. पोराला पाण्याचा तांब्या देत होतो. गोळी नाही. तो विचारत नव्हता. त्या दिवसांत तो काहीच विचारत नव्हता. मी दिलं तर घ्यायचं, नाही दिलं तर झोपायचं. असल्या माणसाला फसवायला काय लागतं?

खिशात गोळ्या साठल्या तर कपडे धुताना सुमनला सापडतील, म्हणून मी त्या सकाळी गोठ्यात पेंडेत कुस्करायला लागलो. एक म्हैस होती, तापट, अगदी माझ्यासारखी. कासेला हात लावू देत नव्हती. तिचं दूध फक्त तिच्या रेडकाला. तिच्या पेंडेत. आणि खरं सांगतो, म्हैस शांत झाली! गोळीनं झाली की रोज सकाळी मी तिच्याजवळ उभा राहायला लागलो म्हणून झाली, ते ठाऊक नाही. पण कुणालाही लाथ मारीना. मी तिला ‘गाईवानी गरीब’ म्हणून विकली. नेणारा थोड्याच दिवसांत वाकलेली बादली घेऊन दारात आला — “तात्या, ही कसली गरीब? माझ्या बापाला कुडापतुर उडवला की हिनं!” मी म्हणालो, “तुमी हिला माया लावत न्हाई.”

हसा. मीही हसलो होतो. पण म्हशीला लागू पडलं, तेव्हा तरी माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं ना — की ते कुणाच्या वाटचं होतं?

अक्षय खाली खाली चालला. सांगलीच्या फेऱ्या वाढल्या. डॉक्टरनं विचारलं, “गोळ्या वेळच्या वेळी चालू आहेत?” सुमननं माझ्याकडं बघितलं. मी छाती पुढं काढून म्हणालो, “एक बी चुकवली न्हाई.” त्यानं माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं — की मलाच तसं वाटलं?

मग तो रविवार. बजरंग सकाळच्या गाडीनं आला होता. सुमन चहा घेऊन खोलीत गेली, तर अंथरूण रिकामं. चपला दारातच. मी रस्त्यानं नाव घेऊन ओरडत सुटलो. बजरंग ओरडला नाही. तो सरळ आमच्या उसाच्या वाटेनं गेला. मी मागनं पोचलो तेव्हा अक्षय विहिरीच्या कठड्यावर बसला होता, पाय आत सोडून. बजरंग त्याच्या शेजारी जाऊन तसाच बसला. बराच वेळ. मी उसाच्या सरीत उभा होतो आणि पुढं पाऊल पडत नव्हतं — एवढ्या माणसांना दटावणारा मी. हात खिशात गेला. खिशात आदल्या रात्रीची गोळी होती.

मग ऐकू आलं, “च्या घेऊया का रं? तुज्या आईनं टाकलाय.” थोड्या वेळानं पोरगं उठलं. मामानं त्याच्या दंडाला धरलं होतं. घट्ट.

त्या क्षणी मी सांगायला पाहिजे होतं. मी काय केलं? अंगणात आल्यावर बजरंगवर तुटून पडलो. “तुज्या त्या डॉक्टरनं माझं पोरगं घालवलं असतं! कुणी सांगितलं हुतं तुला मधी पडायला? परत या दारात पाय ठेवायचा न्हाई!”

बजरंग म्हणाला, “दाजी, डॉक्टर बदलू आपण. पर आज मला त्याच्याजवळ बसू द्या.”

बसू दिलं नाही. हाताला धरून फाटकाबाहेर काढला. सुमन अक्षयच्या चपला छातीशी धरून उभी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती आणि भावाकडंही बघत नव्हती.

त्याच दिवशी अक्षयला घेऊन डॉक्टरकडं गेलो; रविवार असूनही त्यानं दवाखाना उघडला. मी तिथं टेबलावर मूठ आपटली. त्यानं औषध बदललं, आणि त्या रात्रीपासून मी गोळी दिली. पोराच्या तळहातावर ठेवायचो आणि गिळेपर्यंत उभा राहायचो. कितीतरी आठवडे काही कळलं नाही. मग एक दिवस जेवताना अक्षय म्हणाला, “आई, आमटीत मीठ जास्त पडलंय.” सुमन आनंदानं रडायलाच लागली. मी दुसरी वाटी मागून घेतली. आमटी खरंच खारट होती.

आज तो बरा आहे. मधून मधून वाईट दिवस येतात, तेव्हा तो स्वतः सांगतो, ‘आज जड आहे.’ गोळ्या डॉक्टर सांगेल तेवढ्या, स्वतःच्या हातानं घेतो. फोनवर म्हशींचे व्हिडिओ टाकून माझ्यापेक्षा लवकर गिऱ्हाईक आणतो. आणि गावभर काय झालं माहीत आहे? ‘तात्यांनी डॉक्टरला झापला, तवा कुठं पोराला गुण आला.’ ही गोष्ट मीच पसरवली. बजरंगनं घोळ केला, मी निस्तरला. सांगून सांगून ती इतकी गुळगुळीत झाली की कधी कधी मलाही खरी वाटते. सुमन दर भाऊबीजेला एकटी सांगलीला जायची. मी तिला कराडच्या स्टँडवर सोडायचो आणि गाडीतनं उतरायचोही नाही. अक्षय म्हणायचा, “तात्या, मामाला बोलवूया की.” मी म्हणायचो, “त्यानं आधी माफी मागावी.”

गेल्या बाजाराला बजरंग आला. कराडला, भर बाजारात, माझ्या म्हशींच्या ओळीत. केस पिकलेत त्याचे. म्हणाला, “दाजी, सुमनअक्काकडं बघवत न्हाई आता. माझंच चुकलं. तुमाला इचारायला पायजे हुतं.” आणि माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढून त्यानं माझ्या हातावर टाकला, आणि खाली हात घातला. मास्तर माणूस, त्याला बोटांची भाषा येत नाही. त्यानं नुसता माझा हात धरला. त्याच हातानं त्या दिवशी पोराचा दंड धरला होता.

टॉवेलाखाली काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. तिथं मी सांगू शकलो असतो. नुसतं एक बोट दाबून तरी काहीतरी.

चार व्यापारी बघत होते. मी घसा खाकरला आणि म्हणालो, “जाऊ दे. झालं गेलं. केलं माफ.”

त्याचे डोळे भरून आले.

या भाऊबीजेला तो घरी येणार आहे. सुमननं आत्तापासून करंज्यांचं सारण किती करायचं ते ठरवायला घेतलंय. काल पाट पुसता पुसता मला म्हणाली, “तुमचं मन लय मोठं हाय बघा.”

मी म्हणालो, “व्हय.”