फोनबुकात सापडलेले खोत

अमेरिकेतल्या श्रूजबरीत नवा होतो तेव्हा फोनबुकात मराठी आडनावं हुडकायची आणि त्या माणसांना जेवायला बोलवायचं, हा माझा उद्योग होता. 'खोत, ए.' दिसताच मी मनातल्या मनात त्यांचं अनंत म्हणून बारसं केलं आणि फोन फिरवला. रविवारी भर दुपारी खोत आले, पानावर बसले आणि हात मांडीवर ठेवून स्वस्थ राहिले. पुरणपोळीवर मी तुपाची दुसरी धार धरली, तेव्हा संकोचून माझ्या बायकोला, शुभाला म्हणाले, "वहिनी, रागावू नका. मी अन्वर. रोजा आहे. पण मराठीतून जेवायचं बोलावणं दोन वर्षांनी आलं, नाही म्हणवेना."

बाहेर बर्फ सुरू झालं होतं, त्यांची गाडी हलेना. त्यांना खाता येईना, आम्हाला त्यांच्यादेखत खाववेना. एकादशीला दुप्पट हाणणारा मी, आयुष्यात पहिल्यांदा दिवस मावळेपर्यंत उपाशी राहिलो. मग तिघांनी गार पुरणपोळ्यांचा फडशा पाडला. तेव्हापासून खोत दर रविवारचे.

ते विद्यापीठात इतिहासाचे संशोधक. क्रूसयुद्धांच्या काळात स्पेनचा मुलूख ख्रिस्ती राजांनी जिंकला. तिथं मागे राहिलेले मुसलमान कसे जगले, हा विषय.

"म्हणजे रोज मारामाऱ्या?" मी विचारलं.

"तलवारी अधूनमधून. रोजचं भांडण पाटाच्या पाण्यावरून. तिथं तू चर्चवाला की मशिदीवाला, असं कुणी विचारत नसे. पाळी कुणाची, एवढंच. आमच्या रत्नागिरीकडच्या पोफळीच्या बागेत तेच." आणि लगेच पुढं, "फार गोड समजू नका हं. पाणी एकाच पाटाचं, पण बांग द्यायला बंदी होतीच."

'पाळी कुणाची?' हे त्यांचं पालुपद झालं. भांडी घासायची असोत, नाहीतर आमच्या शाळकरी बंटीच्या हातातला रिमोट.

जुन्या दप्तरात त्यांना एक मुसलमान कुंभार सापडला होता. त्याची आई समुद्रापलीकडे आजारी. त्यानं तिकडे जायचा परवाना राजाकडे मागितला होता. राजाला त्याची मडकी हवी, म्हणून सोडवेना. पलीकडचे मुसलमान धर्मशास्त्री म्हणत, ख्रिस्ती राजाच्या मुलखात राहणंच पाप. "इकडून कुलूप, तिकडून शिव्या," खोत म्हणायचे. अर्ज सापडला होता, उत्तर सापडत नव्हतं. शुभा दर रविवारी विचारायची, "भावजी, सोडलं का हो त्याला?"

"शोधतोय, वहिनी."

त्या उन्हाळ्यात खोतांना घरून पत्र आलं. आईनं अंथरूण धरलं होतं. खोतांचा व्हिसाचा अर्ज अडकलेला; देश सोडला तर अर्ज बाद, संशोधनही संपलं. वकील म्हणाला, थांबा. मीही सोफ्यावरून सल्ला दिला, "चार महिने कळ काढा की!"  घरच्यांना त्यांनी आमचाही नंबर दिला होता; पुढचे काही रविवार जेवताना त्यांची नजर आमच्या फोनवर असायची. पालुपद बंद झालं होतं.

मग एकदा ते बुटांचं खोकं घेऊन आले. आत टिपणांची कार्डं. "बेसमेंटमध्ये ठेवाल? उद्या निघतोय."

शुभानं हळूच विचारलं, "कुंभाराचं उत्तर सापडलं?"

"नाही, वहिनी. पण तो उत्तरासाठी थांबला असेल, असं आता वाटत नाही."

दोन महिन्यांनी पत्र आलं. आई भेटली, तीन आठवडे मिळाले. खोत परतले नाहीत, त्यांना परतता आलंच नाही. खोकं अजून खालीच आहे.

पत्र वाचून मी म्हटलं, "जरा थांबायला हवं होतं. हातातलं सगळं घालवलं."

शुभा पत्राची घडी घालत म्हणाली, "त्यांना सरकारनं अडवलं होतं, तरी गेले. तुमच्या खिशात ग्रीन कार्ड आहे. सासूबाईंना शेवटचं भेटलात तेव्हा बंटी रांगत होता. पाळी कुणाची आहे हो आता?"