पुतळाबाईचा गळा

पुतळाबाईचा गळा बसला ही बातमी गावठाणात इतक्या झटकन पसरली, की मेट्रो येणार ही बातमीसुद्धा तितक्या झटकन पसरली नसेल. खारघरच्या टॉवरांच्या मधोमध अंग चोरून उभं असलेलं हे आगऱ्यांचं गाव. तिथे कुणाकडे लग्न ठरलं की हॉल बुक करण्याआधी पुतळाबाईला विचारायचं, अशी रीत. कारण ती गावची धवलारीण. भटजी मुहूर्ताला येतात, मंगलाष्टका म्हणतात, जेवून जातात. पण मांडव घातल्यापासून हळद उतरेपर्यंत लग्न पुढे नेते ती धवलारीण. पाटाजवळ बसायचं आणि देवांना, पूर्वजांना, मामा-मावश्यांना नावानिशी हाका मारत धवले, म्हणजे लग्नातली गाणी, गायचे. वही नाही, पुस्तक नाही, सगळं तोंडपाठ. आणि एक नियम: धवला सुरू झाला की तो पुरा होईपर्यंत जागचं हलायचं नाही. मग दोन तास लागोत, नाहीतर चार.

अशी ही बाई दोन वर्षं एकामागून एक लग्नं नाकारत होती. कुणी बोलावायला आलं की ती गळ्याला हात लावी, डोळे मिटून मान हलवी आणि कुजबुजल्यासारखं बोले. लोक हळहळत निघून जात. मग मांडवात मोबाइलवरचे धवले स्पीकरला जोडून वाजवले जात, आणि देवांना बोलावून मांडवात बसवायच्या ऐन विधीत मध्येच फोन वाजे.

खरं सांगायचं तर गळ्याला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. घरात एकटी असली की पुतळाबाई भांडी घासताना असा आवाज लावी, की वरच्या मजल्यावरचा भाडेकरू गॅलरीत येऊन उभा राही. दुखणं होतं ते निराळ्याच ठिकाणी, आणि त्या ठिकाणाचं नाव घ्यायची आपल्याकडे पद्धत नाही.

पाळी गेली त्याला पाच वर्षं झाली होती. सुटले एकदाची, म्हणून तिने गावदेवीला नारळ फोडला होता. पण वर्षभरात तिथली कातडी कोरडी पडली, आग होऊ लागली. मग लघवीला जळजळ. मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणायच्या, चार दिवस बरं वाटायचं, महिन्याने पुन्हा तेच. नवऱ्याजवळ जाणं नकोसं झालं, इतकं दुखे. तिने आपलं अंथरूण उकाड्याच्या नावाखाली स्वयंपाकघरात हलवलं. नवरा सिताराम भला माणूस. त्याने का म्हणून विचारलं नाही, पण तो मनातल्या मनात आपलंच काहीतरी चुकलं असं धरून बसला. पुढे पुढे तर लघवीची जाणीव झाली की दोन मिनिटंही दम धरवेना, आणि शिंक आली की थेंब सुटू लागले.

करंजाड्याच्या एका लग्नात व्हायचं ते झालंच. धवला ऐन भरात, समोर नवरी, भोवती शंभरेक बायका, आणि पुतळाबाईचं लुगडं भिजलं. तिने क्षणभरही विचार केला नाही. पाटाजवळचा पाण्याने भरलेला तांब्या कोपराने ढकलून तिने स्वतःच्या मांडीवर पाडला. तांब्या सांडला, अपशकुन झाला, म्हणून बायकांनी तोंडावर हात ठेवले. नवरीच्या आजीने चार शब्द सुनावले. पुतळाबाईने ते खाली मान घालून ऐकून घेतले, कारण खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. त्या दिवशी तिचा गळा बसला तो बसलाच.

गावाने मग तिच्या गळ्याचे लाड सुरू केले. कुणी ज्येष्ठमध आणलं, कुणी मध. तिचा मोठा भाऊ धर्मराज, ज्याला ती दादूस म्हणे, तो रोज सकाळी तुळस-आल्याचा काढा थर्मासमधून घेऊन येई आणि ती तो संपवेपर्यंत समोर बसून राही. काढा पोटात गेला की हिला चार वेळा उठावं लागे. सोंग फार महागात पडत होतं, पण आता त्यातून बाहेर तरी कसं पडायचं?

बाहेर काढलं ते प्रियाने. प्रिया धर्मराजची मुलगी. सहा वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हापासून ती आत्याच्या पदराखाली वाढलेली. आता महाप्याच्या एका कंपनीत कामाला होती आणि फेब्रुवारीत तिचं लग्न ठरलं होतं. तिने बापाला स्पष्ट सांगून टाकलं, की धवला गाईल तर आत्याच गाईल, नाहीतर मांडवात धवला होणारच नाही. स्पीकर तर मुळीच आणायचा नाही. धर्मराज हबकला. धवल्याशिवाय देव कसे बसणार? पुतळाबाईने गळ्याला हात लावून पाहिला, पण या पोरीपुढे ते सोंग चाललं नाही. जून महिन्यात एका शनिवारी प्रियाने तिला रिक्षात घातलं आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं.

डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं, की स्वरतंतू तरुण बाईला लाजवतील असे आहेत, फक्त घसा कोरडा आहे. दिवसाला पाणी किती पिता? पुतळाबाई म्हणाली, दोन कप. एवढं कमी का, यावर ती पदर चाचपू लागली. जमिनीकडे बघत बसलेल्या त्या बाईकडे डॉक्टरांनी एकदा नीट पाहिलं आणि पुढे काही न विचारता शेजारच्या खोलीतल्या डॉक्टर शुभदांच्या नावाची चिठ्ठी लिहिली. या गृहस्थांचे उपकार पुतळाबाई आजही मानते.

शुभदाबाई बायकांच्या डॉक्टर. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवून बोलणाऱ्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, प्रियाला बाहेर बसायला सांगितलं आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "लघवीला धावावं लागतं म्हणून पाणी पीत नाही का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. पुतळाबाईला रडू फुटलं ते थांबेचना, आणि रडत रडत तिने तांब्यापर्यंतचं सगळं सांगून टाकलं. शुभदाबाईंनी तपासलं, लघवीची चाचणी करायला दिली आणि समजावून सांगितलं: पाळी गेली की शरीरातलं एक संप्रेरक कमी होतं, तिथली कातडी पातळ आणि कोरडी होते, मूत्रमार्गही नाजूक होतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. निम्म्या बायकांना कमी-जास्त हा त्रास होतो, आणि सांगतात मात्र अगदी थोड्या. पाणी तोडल्याने तर लघवी कडक होऊन आग वाढते.

"पन डॉक्टरीनबाय, धवलारीननं लग्नाच्या दिवशी पानी पियाचा नसतंय," पुतळाबाई म्हणाली. "आमच्या रंगूबाईची शिकवन हाय ती."

"नेहमीच असं होतं का?"

पुतळाबाई सांगायला गेली आणि अडखळली. रंगूबाई म्हणजे तिची गुरू, तिच्या आधीची धवलारीण. मोठ्या मानाची बाई. पण पुतळा परकरात असताना हीच रंगूबाई मांडवात बशीतून चहा भुरकायची, पाणी मागून घ्यायची! ते तिला आता लख्ख आठवलं. निर्जळी बसायचं व्रत रंगूबाईने धरलं ते नंतर, केस पिकल्यावर. गावाने तिच्या पाया पडून त्या व्रताचा नियम केला, आणि पुतळानेही तो डोळे मिटून पाळला. बिचारी रंगूबाई! तिला कुणी विचारलंच नाही, आणि तिनेही कुणाला सांगितलं नाही.

प्रियाने तोवर बाहेर भिंतीवरचा या त्रासाचा तक्ता वाचून काय ते ओळखलं होतं आणि फोनवर त्यावरच्या लेझरच्या चार जाहिराती वाचून काढल्या होत्या. आत येऊन तिने विचारलं, की लेझरच करून टाकलं तर एका फटक्यात काम होईल ना? शुभदाबाई हसल्या. मशीन त्यांच्या बाजूच्याच खोलीत होतं, तरीही त्यांनी आधी तीन महिने तिथे लावायची एक मलमाची ट्यूब दिली, आवळून धरण्याचे व्यायाम शिकवले आणि दिवसाला आठ ग्लास पाणी सांगितलं. माल दुकानात असूनही आधी दुसरं काही घेऊन बघा म्हणणारी माणसं जगात किती असतील? मला तरी फार भेटलेली नाहीत.

गणपती जाईपर्यंत आग थांबली, इन्फेक्शन परतलं नाही. पण दम काही पुरेसा धरवत नव्हता, आणि लग्न जवळ येत होतं. तेव्हा पुतळाबाईनेच लेझरचं विचारलं. शुभदाबाईंनी साफ सांगितलं, "काही बायकांना फरक पडतो, काहींना पडत नाही. भाजण्या-दुखण्याचा थोडा धोकाही आहे. मी हमी देणार नाही. हे ऐकून मग ठरवा."

तिने घरी जाऊन सितारामला सांगितलं. सगळंच सांगितलं, अंथरुणाचंही. सितारामने हातातली टोपी दोनदा फिरवली. मग म्हणाला, "मना वाटला, तुना मी नको झालू." पुतळाबाई म्हणाली, येड्या, असा काय बोलतस. त्या दिवशी अंथरूण परत आपल्या जागी आलं.

दिवाळीच्या आगेमागे महिन्या-महिन्याच्या अंतराने तीन वेळा लेझर झालं. सुन्न करणारं मलम लावलं, बोटाएवढी नळी आत घातली, दहा-पंधरा मिनिटं ऊब लागल्यासारखं वाटलं, आणि झालं. पुतळाबाईने सगळा वेळ छताकडे बघत मनातल्या मनात देव बसवण्याचा धवला म्हटला. तिसऱ्या खेपेला तो तोंडातून बाहेर पडला आणि नर्स काम विसरून ऐकत राहिली. फरक पडला. तो मशीनने किती, मलमाने किती आणि व्यायामाने किती, ते शुभदाबाईंनाही सांगता आलं नाही, आणि पुतळाबाईला त्या हिशेबाशी देणंघेणं नव्हतं. एवढं खरं, की जिथे दर वीस मिनिटांनी उठावं लागे, तिथे आता दोन तास निघत होते.

प्रियाच्या मांडवात सकाळी देव बसवायला सुरुवात झाली. सारा गाव लोटला होता. शुभदाबाई दुसऱ्या रांगेत, जांभळी साडी नेसून. पुतळाबाईने पहिला सूर लावला आणि धर्मराजने आपल्या काढ्याचा गुण म्हणून चौफेर नजर फिरवली. एक तास झाला, दोन झाले. अडीच तासांनी, नेमकं पूर्वजांच्या नावांशी येताना, पुतळाबाईला जाणवलं.

पूर्वीसारखी तारांबळ नव्हती, पण जाणवलं खरं. अजून बराच धवला बाकी होता. हाताशी तांब्या होता, भरलेला. तिने त्याच्याकडे पाहिलं, प्रियाकडे पाहिलं. मग तिने तो तांब्या उचलून लांब, सरळ ठेवला आणि गाणं थांबवलं.

"मी लघवीला जाऊन येतंय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "देव बसलेन, ते काय पलून जात नाय."

धर्मराजचं तोंड उघडं ते उघडंच. पुतळाबाई उठली, पदर खोचला आणि शांतपणे घरात गेली. मग तिसऱ्या रांगेतली एक साठीची बाई उठली. तिच्यामागे दुसरी. मग दोघी एकदम. पुतळाबाई मोरीतून बाहेर आली तेव्हा दारात नऊ बायका ओळीने उभ्या होत्या, आणि त्यांतली पहिली होती करंजाड्याची ती आजी, जिने तांब्यावरून चार शब्द सुनावले होते. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आजीने तिच्या हातावर हात ठेवला आणि घाईघाईने आत शिरली.

सगळ्या परत येईपर्यंत देव थांबले. मग पुतळाबाईने सोडला होता त्याच शब्दापासून धवला उचलला. पूर्वजांच्या नावांत तिने रंगूबाईला हाक मारली. मावश्यांची नावं आली तेव्हा शेवटी शुभदाबाईंचं नाव घेतलं. त्यांच्या ते लक्षातच आलं नाही, शेजारणीने कोपर मारून सांगावं लागलं.

नावं संपल्यावर तिने सितारामला खूण केली. तो पाणी घेऊनच उभा होता. भर मांडवात, सगळ्यांच्या देखत, पुतळाबाई दोन ग्लास पाणी प्यायली. एक तिचा, एक रंगूबाईच्या वाटणीचा.